पायऱ्यांवरची माणसं

४ नोव्हेंबर

दादा,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करायची, हे आईने शिकवलेलं. आज 'सप्रेम' जमणार नाही. नुसता नमस्कार घे आणि पुढचं वाच.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की अंगठा पाठवतोस. वहिनीला फोन लावला तर म्हणाली, "अगं, ते मीटिंगमध्ये आहेत," आणि मागून तुझी शिंक ऐकू आली. तुझी शिंक मी झोपेतही ओळखेन, भांडी वाजतात. म्हणून हे पत्र. ऑफिसच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतेय. तुझ्याआधी तिथल्या चार माणसांनी वाचलं तरी चालेल.

पुस्तक पाहिलं. तू पाठवलं नाहीसच, दातांच्या डॉक्टरकडे सापडलं. सुई टोचून झाली होती, अर्धं तोंड बधिर करून मला बाहेर बसवलं होतं. टीपॉयवर जुन्या मासिकांच्या ढिगावर तुझं ते जाडजूड, गुळगुळीत पुस्तक. 'निःशब्द : देशातल्या अनवट जागा'. छायाचित्रकार म्हणून खाली माझं नाव, मुंगीएवढं. मी पुस्तकाचं नाव 'वाट वाकडी करून' असं दिलं होतं. म्हटलं, असू दे, नाव बदललं तर बदललं, शेवटी प्रकाशक म्हणून खपवायचं तुलाच आहे. आणि पान उघडलं.

दादा, माणसं कुठे गेली?

दगडाच्या खाणीतली वस्ती आठवते? मी तुला पहिल्यांदा दाखवलेला फोटो तो. त्यात आता फक्त खाण आहे. दोरीवरचे कपडे नाहीत, चुलीचा धूर नाही, दगडाच्या ढिगावर एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या दोघी बहिणी नाहीत. धूरसुद्धा पुसलास? पुढचं पान, जिथे आता गाडी येत नाही ते स्टेशन. फलाटावरच्या मोठ्या घड्याळाखाली न्हावी बसायचा. न्हावी गेला, खुर्ची गेली, गिऱ्हाईक गेलं. खांबाला टांगलेला आरसा तेवढा राहिलाय, आणि त्या आरशात साबण फासलेला अर्धा गाल आहे! पुसणाऱ्याच्या नजरेतून तेवढा निसटला. काढून बघ ते पान. आख्ख्या पुस्तकात तेवढाच एक माणूस उरलाय, आणि त्याची दाढीही अर्धवट.

मी ओरडले. पण अर्धं तोंड बधिर, त्यामुळे "फा फा" असं काहीतरी निघालं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "फार दुखतंय का हो?" मी मान हलवली.

आणि सुरुवातीला तू स्वतः लिहिलंयस, 'या जागांना अजून माणसाचा स्पर्श झालेला नाही.' मग फोटो कुणी काढले? घारीने?

आठ-नऊ वर्षं मी या जागा हिंडले. कुठल्याही नकाशावर ठळक नसलेल्या, कुणी सहलीला जात नाही अशा. बसच्या टपाला कॅमेऱ्याची पिशवी बांधून गेले, ट्रकच्या केबिनमध्ये बसून गेले, एकदा तर सिमेंटच्या पोत्यांवर आडवी होऊन. पोहोचल्यावर पहिला दिवस मी कॅमेरा बाहेर काढत नाही, हे तुला माहीत आहे. नुसती बसते. लोक विचारतात, कोण तू, कुणाची, लग्न झालंय का, आणि इथे बघण्यासारखं आहे तरी काय? दुसऱ्या दिवशी ते मला विसरतात आणि मग मी काम सुरू करते. माझ्या एकाही फोटोत जागा आधी आणि माणूस नंतर असं नाही. तू माणसं काढलीस म्हणजे फोटोच काढून घेतलास. मागे फक्त दगड राहिले.

मला उत्तर हवंय. अंगठा नकोय.

तुझी बहीण


१५ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. ऑफिसच्या कागदावर, टाइप केलेल्या चार ओळी, खाली सही आणि शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का मारून पत्र लिहिणारा तू जगातला पहिलाच भाऊ असशील.

'हा कलात्मक निर्णय होता.' 'वाचकाला गर्दी नको असते, शांतता हवी असते.' 'करारानुसार संपादनाचे अधिकार प्रकाशकाकडे आहेत.'

गर्दी? दोन बहिणी आणि एक न्हावी ही तुला गर्दी वाटली? आणि शांतता म्हणतोस ती कुठली? मी त्या खाणीत राहिलेय. दुपारी सगळे झोपले की तिथे जी शांतता असते ती माणसांची असते, कुणीतरी घोरत असतं. तू छापलीस ती शांतता स्मशानातही मिळत नाही, तिथेही निदान चार जण खांदा द्यायला येतात.

कराराचं म्हणशील तर सही माझी आहे, मान्य. तू कागद पुढे केलास आणि मी न वाचता सही केली. भाऊ समोर बसलेला असताना बारीक अक्षरं कोण वाचतं?

बरं, आता मुद्द्याचं. पहिल्या पत्रात मी एक गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती. वाटलं, तू स्वतःहून बोलशील. बोलला नाहीस, म्हणजे तुझ्या लक्षातच आलेलं नाही.

तळ्याचा फोटो काढ. पुस्तकाच्या मधोमध आहे, दोन्ही पानं भरून. दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात, पलीकडे डोंगर, पायऱ्यांच्या बाजूला दोन होड्या. तुझ्या पुस्तकात तिथे चिटपाखरू नाही. माझ्या फोटोत होडी पालथी घालून तिला डांबर लावणारा एक म्हातारा आहे, जाळं सोडवत बसलेल्या तीन बायका आहेत आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, निळी छत्री उघडून पाठमोरी बसलेली एक बाई आहे.

ती आई आहे, दादा.

आजारी पडायच्या आधीच्या हिवाळ्यात मी तिला घेऊन गेले होते. तुला विचारलं होतं, तू म्हणालास, "या वयात तिला कुठे खड्ड्यांतून नेतेस?" तरी ती आली. बसमध्ये खिडकीजवळ बसली आणि शेजारच्या बाईला आपली सगळी माहिती सांगून टाकली, तुझ्या मूळव्याधीसकट. तळ्यावर पोहोचल्यावर चपला काढल्या आणि थेट पाण्यात पाय. मी म्हटलं, "आई, इकडे बघ ना." म्हणाली, "पाठच काढ. तोंड काय, घरी आहेच."

तोंड आता घरीही नाही. तिचं शेवटचं चित्र ते, आणि तू ते पुसलंस. नीट बघितलंस तर पाण्यात अजून एक निळा डाग दिसतो. छत्रीचं प्रतिबिंब. तेवढं पुसायचं राहिलं.

तू आईला पाठीवरून ओळखलं नाहीस? जिच्या पाठीमागून आपण दोघं बाजारात चालत गेलो, ती पाठ? मला यावर रागही धड येत नाहीये. नाही, येतोय. फार येतोय.

पण मला नवल वाटायला नको होतं. ती गेली तेव्हा मी कामावरून परत आले तर तिची खोली रिकामी. कपाट गेलेलं, पलंग गेलेला, भिंती पांढऱ्याफेक, रंगाचा वास ओला. मी दारात उभी राहिले आणि तू म्हणालास, "प्रकाश छान येतो आता." त्या दिवसापासून आपण कामापुरते बोलतो. माणूस गेलं की तू भिंत रंगवतोस. आता जिवंत माणसांवरही रंग फिरवायला लागलास.

तुझी बहीण


२ डिसेंबर, तळ्यावरून

दादा,

तुझ्या कलात्मक निर्णयाला फळ आलं.

परवा होडीवाल्या मावशीचा फोन आला. जाळं सोडवणाऱ्या तीन बायकांमधली मधली, ती मावशी. तिची होडी आहे म्हणून होडीवाली. कधी फोन न करणारी बाई, पहिलं वाक्य असं, "तुझं पुस्तक छापून आलं म्हणे. इथे भिंतीवर लावलंय. ये आणि बघ."

पायऱ्यांवरच्या पडक्या खोलीच्या भिंतीवर नोटीस चिकटवली आहे. एका कंपनीला तळ्याचा हा काठ सुट्टीची घरं बांधायला हवा आहे. लाकडी बंगल्या, पोहायचा तलाव (तळ्याच्या काठावर पोहायचा तलाव!) आणि चारही बाजूंनी कुंपण. अर्जात लिहिलंय, 'सदर किनारा निर्मनुष्य आहे.' आणि पुरावा म्हणून काय जोडलंय ओळख. तुझी मधली दोन पानं. खाली तुझ्या प्रकाशनाचं नाव.

इथे दहा-बारा घरं आहेत, दादा. पत्र्याची आहेत, पण घरं आहेत. दाराला कड्या आहेत, आत खाटा आहेत, एका घरात तर शिवणाचं यंत्र आहे आणि ते चालवणारी बाई सगळ्या काठाचे कपडे शिवते. एका पडवीत शाळा भरते. पण टपाल इथपर्यंत येत नाही, पलीकडच्या बाजाराच्या गावात येतं, म्हणून सगळ्यांच्या कागदपत्रांवर पत्ता तिथला. कागदावर या काठावर कुणीच राहत नाही. पुस्तकातही नाही.

मी पुस्तक बरोबर आणलं होतं. आणलं नसतं तर बरं झालं असतं. शाळेच्या पडवीत सगळे जमले. डांबर लावणारा म्हातारा, त्याला सगळे गप्पूकाका म्हणतात कारण तो कधीच गप्प बसत नाही, त्याने चष्मा लावून पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"होडी माझीच आहे," तो म्हणाला. "हे ठिगळ मीच मारलंय. पण मी कुठाय?"

त्याने पान उलटून मागची बाजूही बघितली.

"अरे, मी मेलो का? मग मला आधी सांगायचं ना, एवढं डांबर कशाला लावत बसलो असतो?"

सगळे हसले. मीही हसले. मावशी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू म्हणाली होतीस पुस्तकात येणार. त्या दिवशी आम्ही तिघींनी धुतलेली लुगडी नेसली होती. जाळं सोडवायला कोण धुतलेलं लुगडं नेसतं? तुझ्यासाठी नेसलो. आता हे पुस्तक दाखवून आम्हाला उठवणार. म्हणजे तुला दारात घेतलं हेच चुकलं."

"मावशी, मी नाही पुसलं. माझ्या भावाने..."

"भाऊ तुझाच ना?"

मी तिथे मान खाली घालून बसले. तुझ्यामुळे, तुझ्या गुळगुळीत कागदामुळे. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या पडवीत कळलं.

शाळेच्या बाईंनी मला त्यांच्या खोलीत जागा दिली आहे. सुनावणी बाजाराच्या गावात, कचेरीत आहे. तोवर मी इथेच आहे.

तुझी बहीण


१९ डिसेंबर

दादा,

पहिली सुनावणी झाली. उभं राहूनच लिहितेय.

कचेरीची खोली लांबट, पंखा बंद, खिडकीची काच फुटलेली तिथे पुठ्ठा लावलेला. सुनावणी घेणाऱ्या बाई वयस्कर, फार न बोलणाऱ्या. एका बाजूला कंपनीचा वकील, अगदी गोड आवाजाचा माणूस, साखरेत घोळूनच बोलतो. दुसऱ्या बाजूला आम्ही. बायका, गप्पूकाका, शाळेच्या बाई आणि मी.

मी माझे मूळ फोटो दाखवले. मोठे छापून नेले होते. होडी, म्हातारा, तिघीजणी, आई. सांगितलं की हा फोटो मी अमुक हिवाळ्यात काढला, हे लोक तेव्हाही इथे होते आणि त्याआधी कित्येक वर्षांपासून आहेत.

वकील उठला. म्हणाला, "बाईंच्या कलेबद्दल आदर आहे. पण छापील, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात इथे कुणीही नाही. आणि आज अचानक बाईंच्या संगणकातून चार-पाच माणसं निघतात. हल्ली कुणालाही कुठेही बसवता येतं, हे आपण सगळे जाणतो. प्रकल्पाची बातमी ऐकून काही मंडळी काठावर येऊन राहिली असतील, त्यांच्याबद्दल सहानुभूती आहेच."

म्हणजे कळलं का तुला? माणसं पुसलेला फोटो खरा आणि माणसं असलेला खोटा! मी खोटारडी! मी म्हटलं, "पाण्यातला हा निळा डाग बघा, ही छत्रीची सावली आहे." वकील म्हणाला, "आभाळ निळंच असतं." त्या दिवशी आभाळ ढगाळ होतं, राखेसारखं, पुस्तकातच दिसतंय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, पण हा बोंब मारत नाही, कुजबुजतो.

मावशी मध्येच उभी राहिली. "साहेब, मी इथे जन्मले. माझी नाळ त्या पायऱ्यांखाली पुरलीय. खणून दाखवू?" वकिलाने मान लववली. म्हणाला, "भावना समजू शकतो."

त्या बाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "यातला एक खोटा आहे. कुठला, ते छापणाऱ्यानेच सांगावं." तुला कचेरीचं पत्र येईल. तुला एवढंच सांगायचं आहे की माणसं होती आणि तुम्ही ती काढलीत. एक वाक्य, दादा. पुस्तकाच्या सुरुवातीला तू पाच पानं लिहिलीस, त्यातलं एक वाक्य इकडे दे.

वकिलाने जाता जाता मला सांगितलं की बंगल्या झाल्या की प्रत्येक खोलीत 'निःशब्द'ची एक प्रत ठेवायचं ठरलंय. तुझ्याशी बोलणी झाली आहेत म्हणे. मी विश्वास ठेवलेला नाही. ठेवायला लावू नकोस.

मला तुझा राग आहे, पण आज मी मागतेय. मला मागायची सवय नाही, हे तुला माहीत आहे.

तुझी बहीण


६ जानेवारी

दादा,

कचेरीला तू पाठवलेल्या पत्राची प्रत आम्हाला मिळाली. शाळेच्या बाईंनी पडवीत मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि मुलांना म्हणाल्या, "चला, बाहेर खेळा."

'छायाचित्रांतील काही तपशील तांत्रिक विभागाकडून अनवधानाने वगळले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

शाबास! अनवधानाने माणूस शिंकतो. अनवधानाने एखादा किल्ली विसरतो. आख्ख्या पुस्तकातली माणसं, त्यांचे कपडे, त्यांच्या चुलीचा धूर अनवधानाने जात नाही. आणि 'तपशील'? आई तपशील होती?

आणि हा तांत्रिक विभाग म्हणजे कोण, ते मला माहीत नाही असं वाटलं तुला? तुझ्या ऑफिसात कोपऱ्यातल्या संगणकावर बसणाऱ्या बाई, बाबांच्या वेळेपासूनच्या. एक अक्षर स्वतःच्या मनाने हलवत नाहीत. शाईचा ठिपका पुसायचा तरी विचारतात, "पुसू का?" त्यांच्या डोक्यावर तू हे खापर फोडलंस. मी त्यांना फोन केला.

त्या म्हणाल्या, "ताई, मला यात ओढू नका. मी साहेबांना विचारलं होतं, एवढंच सांगते."

"काय विचारलं होतं?"

"तळ्याच्या फोटोचं. दोनदा विचारलं." मग आवाज खाली आणला. "पुढचं तुमच्या भावालाच विचारा. त्यांच्या घरचं आहे ते."

मी विचारतेय. त्यांनी दोनदा काय विचारलं आणि तू काय म्हणालास?

तुझ्या त्या पत्राने वकील खूश झाला असणार. 'शक्यता नाकारता येत नाही' यात होही आहे आणि नाहीही. तू नेहमीच असा. लहानपणी काच फुटली की तू म्हणायचास, "चेंडू माझ्या हातून सुटला असेल कदाचित." आई म्हणायची, "असेल कदाचित म्हणजे काय रे? तुझा हात कुठे होता?"

तुझा हात कुठे होता, दादा?

पुढची सुनावणी या महिन्याच्या वीस तारखेला आहे. कचेरीने तुला स्वतः बोलावलं आहे. तू वकील पाठवशील, मला माहीत आहे. पाठव. इथे सगळे सामानाची बांधाबांध करायची की नाही यावर बोलतायत. शिवणाऱ्या बाईने यंत्राला पोतं गुंडाळून ठेवलंय. यंत्राचा आवाज बंद झाला तर काठ कसा झालाय सांगू? तुझ्या पुस्तकासारखा.

तुझी बहीण


२२ जानेवारी

दादा,

तू आलास.

मी दाराकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे मला आधी कळलं नाही. मावशीने कोपराने ढोसलं. "तो उंच, टक्कल पडलेला, तुझा भाऊ का? नाक तुझ्यासारखंच आहे." वळून पाहिलं तर तू दारात, हातात पुस्तक, बुटांना चिखल. वकील नाही, वहिनी नाही. तू वाळला आहेस. मला ते बघून वाईट वाटलं नाही असं मी ठरवलंय.

तू ज्या क्रमाने बोललास, त्याच क्रमाने मी इथे लिहून काढतेय, कारण नंतर तू स्वतःच म्हणशील की असं काही बोललोच नव्हतो.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "फोटोत माणसं होती का?"

तू म्हणालास, "होती."

"मग काढली का?"

तू पुस्तक उघडलंस, ती दोन पानं, आणि तळच्या पायरीवर बोट ठेवलंस. "इथे माझी आई बसली होती. फोटो माझ्या टेबलावर आला तेव्हा तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला ते पान बघवेना. आमच्या संगणकावरच्या बाईंनी विचारलं, या तुमच्या आई ना, ठेवू ना? मी म्हटलं, काढा. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, काढा."

कंपनीचा वकील उठायला लागला. बाईंनी हातानेच त्याला खाली बसवलं.

"ती काढली," तू म्हणालास, "तर शेजारच्या तिघी कुणाकडे तरी बघून हसतायत असं दिसायला लागलं. कुणाकडे, तर कुणीच नाही. ते आणखी बघवेना. म्हणून त्या काढल्या. मग म्हातारा. मग पुस्तकाची बाकीची पानं या पानाशी जुळेनात, सगळीकडे माणसं आणि इथेच नाहीत. म्हणून सगळीकडून काढली. वर मीच लिहिलं की शांतता आहे."

त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे काठावर लोक राहत होते?"

"राहतात," तू म्हणालास. मग मागे वळलास आणि आमच्या रांगेकडे हात केलास. "हे बसलेत."

गप्पूकाका ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "मी जिवंत आहे हे लिहून घ्या!" त्या बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि लिहून घेतलं.

तू थांबला नाहीस. निकाल न ऐकताच निघून गेलास, माझ्या शेजारून, एवढ्या जवळून की तुझ्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता तोही मला आला. मी हाक मारली नाही. म्हणून निकाल इथे लिहिते. अर्ज परत पाठवलाय. 'निर्मनुष्य' हा शब्द खोटा ठरला. कचेरीतून माणसं येऊन घरोघर नावं लिहून नेणार. कंपनी नवा अर्ज करेल, तो गोड आवाज पुन्हा येईल, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काल शिवणाऱ्या बाईने यंत्रावरचं पोतं काढलं आणि आज सकाळपासून त्याची खटखट सुरू आहे.

आता माझं ऐक.

मी तुला विचारलं होतं की तू आईला पाठीवरून ओळखलं नाहीस का. ओळखलंस. पहिल्या नजरेत ओळखलंस. आणि पांढऱ्या भिंतीचं मला आता कळतं. तू रंग मारलास तो प्रकाशासाठी नव्हता. हे सगळं कळल्यावर राग जायला हवा होता. शाळेच्या बाईही म्हणाल्या, "सोडा आता, बिचारे." नाही सोडणार!

कारण तुझं दुःख खरं होतं, पण ते झाकायला तू दुसऱ्यांची घरं वापरलीस. त्या तिघींनी तुझं काय घेतलं होतं? न्हाव्याने? खाणीतल्या बहिणींनी? दुःख काय तुला एकट्यालाच झालं? मलाही ते पान बघवत नाही. मी ते रोज बघते. तू एक फोन केला असतास, नुसतं "नको गं हे" म्हणाला असतास, तर मी तो फोटो पुस्तकातून काढून घेतला असता. एक फोटो. काही न विचारता. त्याऐवजी तू मला शिक्का मारलेलं पत्र पाठवलंस आणि संगणकावरच्या त्या बिचाऱ्या बाईंवर ढकललंस. त्यांची माफी मागितलीस का? आधी ती माग, मग माझ्याशी बोल.

पुस्तक बाजारातून परत मागवतोयस असं संगणकावरच्या बाईंकडून कळलं. ठीक. पुन्हा छापशील तर माणसांसकट छाप. नाव मी दिलेलं ठेव. आई कुठे बसेल ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही. गप्पूकाकाची अट अशी की त्याचा फोटो पानभर हवा आणि खाली 'हयात' असं लिहिलेलं हवं.

काल संध्याकाळी मावशीला मी तुझं सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. ती जाळं गुंडाळत होती, हात न थांबवता म्हणाली, "तुझी आई त्या दिवशी आमच्याशी किती बोलली ठाऊक आहे? तू तिकडे कॅमेऱ्याचं यंत्र लावून आभाळाकडे बघत होतीस. म्हणाली, थोरला फार हळवा आहे, म्हणून तुसडेपणा करतो. आम्ही म्हटलं, आण की त्याला. म्हणाली, तो कुठला येतोय." मग जाळ्याला गाठ मारली. "त्याला म्हणावं, ये आणि बस तिच्या पायरीवर. हवा तेवढा वेळ बस. इथे कुणी कुणाला उठवत नाही."

हे मावशीने म्हटलंय, मी नाही. मला तुझ्याशी अजून पुष्कळ भांडायचं आहे आणि आता ते पत्रातून होणार नाही. बाजाराच्या गावापर्यंत बस येते, तिथून पायवाट आहे. ते बूट घालू नकोस.

तुझी बहीण